दांडियाबाजारचं जुनं घर आवरून भायलीच्या फ्लॅटमध्ये जायचंय, सुरुवात कुठून करू?

दांडियाबाजारची सून | ९ नोव्हेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की आमचं बडोद्याच्या दांडियाबाजारातलं घर विकलं. चुलत दीर, दोन नणंदा, सगळ्यांच्या सह्या होऊन व्यवहार पार पडला आणि ३१ जानेवारीपर्यंत रिकामं करून द्यायचंय. आम्ही वासणा-भायली रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय, तिसरा मजला. लिफ्ट आहे पण अशी की चार माणसं शिरली की पाचव्याने जिना धरावा. आणि इकडे काय आहे तर तळमजला, वर एक मजला, त्याच्यावर पोटमाळा आणि गच्ची, आणि १९६१ पासून ह्या घरातून काही म्हणजे काहीही बाहेर गेलेलं नाही. माझ्या लग्नाला २३ वर्षं झाली, पोटमाळ्याच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत मी अजून पोचलेले नाही.

माणसं आम्ही चार. मी, नवरा (नोकरी हालोलला, सकाळी ७ ला जातो तो रात्री ८ ला येतो, म्हणजे उपयोग फक्त रविवारी), मुलगा बारावीत (उपयोग शून्य), आणि सासूबाई, वय ७८, तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत.

खरी गाडी अडलीय ती इथेच. मी दिवसभर खपून भंगारात द्यायचा ढीग काढते आणि सकाळी उठून बघते तर ढीग निम्मा. परवा विचारलं तर म्हणाल्या मांजराने ओढलं असेल. आता मांजर पितळी बंब ओढून जिन्याखाली नेऊन ठेवतं का सांगा मला!

त्यात मुहूर्ताचा घोळ. १६ डिसेंबरच्या सुमारास कमुरतां (अशुभ मानलेला महिना) लागतात ते थेट उत्तरायणापर्यंत (म्हणजे संक्रांत), शेजारच्या बेन म्हणतात त्यात घर बदलायचं नसतं. म्हणजे उत्तरायण उरकून मग हलायचं तर हातात पंधराच दिवस, आणि त्याच पंधरवड्यात मुलाची प्रिलिम.

शिवाय एक साडेपाच फुटी सागवानी झोपाळा पितळी कड्यांसकट, आणि वर्षाचे गहू भरलेल्या तीन कोठ्या. कुठून सुरुवात करू?

---

मांजलपूर मावशी | १० नोव्हेंबर, सकाळी ६:१५

अगं आधी चहा घे. मी तीन घरं बदललीयेत, कारेलीबाग ते तरसाली ते मांजलपूर, आणि दरवेळी बाईचीच कंबर मोडते, तेव्हा नीट ऐक.

वरून खाली यायचं. आधी पोटमाळा, मग वरचा मजला, मग बैठकीची खोली, आणि स्वयंपाकघर अगदी शेवटी. सगळ्या बायका उलटं करतात, आधी स्वयंपाकघर बांधतात आणि मग वीस दिवस बाहेरचं खाऊन घरातल्या सगळ्यांची पोटं बिघडतात.

आजपासून वाणसामान भरणं बंद. सिंगतेलाचा (शेंगदाणा तेलाचा) सीझन सुरू झालाय, सगळे १५ किलोचे डबे घेऊन ठेवतायत, तू घेऊ नकोस. दोन किलोचं पाकीट आण, संपलं की दुसरं. डाळी, पोहे, रवा, जे आहे ते संपवायच्या मागे लाग, डिसेंबरभर तुमच्याकडे विचित्र स्वयंपाक होणार आहे हे घरच्यांना आत्ताच सांगून टाक.

गहू. दिवेल (एरंडेल) दिलेले असतील ने? मग किडायची काळजी नाही, पण कोठी भरलेली उचलू द्यायची नाही. कोठीची कडी निखळते आणि मजुराच्या पायावर पडते ते वेगळंच. २०-२० किलोचे कट्टे भरायचे, तोंडं शिवून घ्यायची, कोठ्या रिकाम्या करून पुसून एक दिवस गच्चीवर उन्हात उपड्या ठेवायच्या. नव्या घरात गेल्यावर परत भरायचे, वर थोडा सुका कडुनिंब. आणि खरं सांगू का, तीन कोठ्या फ्लॅटमध्ये राहणार नाहीत, एकच ने. उरलेले गहू जावांमध्ये वाटून टाक.

लोणच्याच्या बरण्या ट्रकमध्ये नाही. कितीही दादरा बांधा, तेल झिरपतंच. आत्ताच छोट्या बाटल्यांत काढ आणि मोठी बरणी रिकामी ने, कपड्यांच्या गठ्ठ्यात.

कमुरतांचं सोपं आहे. १६ च्या आधी चांगला दिवस बघून नव्या घरी कलश ठेवून या, दूध उतू घाला, एक रात्र सगळ्यांनी तिथे गादी टाकून झोपा. झाला गृहप्रवेश. मग सामान कमुरतांत गेलं काय आणि कधी गेलं काय, आणि तेव्हा टेम्पोवाले रिकामे बसलेले असतात, भाव पण उतरतो.

सासूबाईंचं नंतर लिहिते, दूधवाला आला.

---

पुण्यातला बडोदेकर | १० नोव्हेंबर, सकाळी ९:५०

कडवट वाटेल पण सांगतो. आमचं रावपुऱ्याचं घर ७ वर्षांपूर्वी सोडलं, आईच्या हट्टापायी सगळं सामान नेलं. आज ते सगळं पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत ताडपत्रीखाली आहे. तांब्यापितळेची भांडी किलोवर द्या, फर्निचर विका, दोन बॅगा घेऊन नव्या घरात जा. वस्तू म्हणजे आठवणी नव्हेत.

---

मांजलपूर मावशी | १० नोव्हेंबर, सकाळी १०:२०

किलोवर द्या म्हणे. भंगारवाला भांड्यावरची नावं सुद्धा वाचत नाही, सरळ काट्यावर टाकतो. आणि मग तुमच्यासारखेच लोक तोच बंब पॉलिश करून शोभेचा म्हणून दुकानातून घेऊन येतात.

---

पुण्यातला बडोदेकर | १० नोव्हेंबर, सकाळी १०:३१

मावशी, घेतलाय. गप्प बसतो :)

---

सेवउसळ_एक्स्ट्रा_तरी | १० नोव्हेंबर, दुपारी १:०५

खोक्यांसाठी पैसे घालवू नका. हाथीखान्यात होलसेलवाल्यांकडे सकाळी गेलात तर बिस्किटाची न साबणाची खोकी पाच-दहा रुपयाला मिळतात. साबणाच्या खोक्यात पीठमीठ भरू नका मात्र, आमच्याकडे महिनाभर पोळीला लिंबाचा वास येत होता.

पुस्तकं छोट्या खोक्यात, उशा-गाद्या मोठ्यात. लोक नेमकं उलटं करतात आणि मग पुस्तकांचं मोठं खोकं जिन्यात बुडातून फाटतं. खोक्यावर नंबर टाका, वरच्या झाकणावर नाही, बाजूला, कारण एकावर एक चढली की झाकण दिसत नाही. आणि बंद करण्याआधी आतला फोटो काढून ठेवा. नंबर १४ मध्ये काय आहे ते फोनमध्ये बघायचं, खोकं फोडायची गरज नाही. टीव्हीच्या मागच्या वायरींचा पण फोटो.

लिफ्ट मोजा!! मेजरटेप घेऊन आजच जा. लिफ्टची उंची, दाराची रुंदी, जिन्याचं वळण. आमचं लोखंडी कपाट साडेसहा फुटी होतं, लिफ्टमध्ये मावेना, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अडकलं ते अडकलंच, वरचे लोक वर खालचे खाली, शेवटी मागच्या बाजूने दोर लावून गॅलरीतून घेतलं, त्याचे वेगळे दीड हजार.

---

समा_तळमजला | १० नोव्हेंबर, रात्री १०:१२

मी इथे सहसा लिहीत नाही. पण ह्या विषयावर माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या तळमजल्याच्या घरात विश्वामित्रीचं पाणी छातीपर्यंत होतं. तीन दिवस. आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे होतो. पाणी उतरल्यावर घरात गेलो तर फ्रिज आडवा होऊन तरंगत येऊन दाराला लागलेला, गाद्या, पलंग, सोफा, धान्य, सगळं चिखलात. कॉर्पोरेशनच्या गाडीत आम्ही स्वतःच्या हाताने घर भरून दिलं. चोवीस वर्षांचं सामान साधारण पाच तासात गेलं.

काही महिन्यांनी मी आणि मिसेसनी बसून यादी केली की कशाकशाची खरोखर आठवण येते. सोफा दोघांनाही आठवला नाही. यादीत दोनच गोष्टी निघाल्या, वडिलांच्या हातची हिशोबाची वही आणि मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो. दोन्ही मिळून एका पिशवीत मावले असते. ते खालच्या खणात होते. वरच्या खणात काय होतं तर मिक्सरची रिकामी खोकी, वॉरंटीसाठी जपलेली.

म्हणून माझं एवढंच सांगणं, सगळ्यात आधी ती एक पिशवी भरा. घराचे कागद, फोटो, हातचं लिहिलेलं काही. प्लास्टिकच्या झिपवाल्या पाकिटात घालून. ती ट्रकमध्ये जाणार नाही, तुमच्या खांद्यावर जाणार. बाकीचं मागाहून.

---

दांडियाबाजारची सून | ११ नोव्हेंबर, रात्री १२:०५

समा_तळमजला, तुमचं वाचून आधी उठून ती पिशवी भरली. खरंच. रात्री बारा वाजता. त्या वेळी आमच्याकडे पाणी नव्हतं आलं, पण गच्चीवरून नुसता काळोख दिसत होता सगळीकडे ते आठवलं.

---

निझामपुरा आजोबा | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

सूनबाई, मी रिफायनरीतून निवृत्त होऊन सतरा वर्षे झाली. टाउनशिपमधील क्वार्टर सोडताना आमच्या आईचे वय ८१ होते, त्यामुळे तुमच्या सासूबाईंच्या मांजराचा मला अनुभव आहे.

आम्ही केलेला उपाय सांगतो. आईला सहा खोकी दिली आणि सांगितले की ह्या सहांत तू काय भरशील ते कोणीही विचारणार नाही, उघडणार नाही आणि ही सहाच्या सहा नव्या घरात जाणार. मात्र सहाच. त्या दिवसापासून ढिगातून वस्तू परत जाणे थांबले, कारण आता तिला स्वतःशीच हिशोब करावा लागत होता. तोपर्यंत आम्ही सगळे तिच्याशी भांडत होतो, आणि भांडण असले की माणूस तुटकी चाळणीसुद्धा सोडत नाही.

आता कागदोपत्री. एमजीव्हीसीएलचे (वीज कंपनीचे) शेवटचे बिल भरून मीटरच्या रीडिंगचा फोटो तारखेसह काढून ठेवा. घर विकलेले आहे, तेव्हा कनेक्शन खरेदीदाराच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा, नाहीतर त्यांच्या एसीचे बिल तुमच्या नावावर येत राहील. नव्या फ्लॅटचे मीटर अजून बिल्डरच्या नावावर असेल तर ते तुमच्या नावावर करून घ्या. मतदार यादीसाठी फॉर्म ८, पत्ता बदलला की हाच फॉर्म, नवीन नाव नोंदणीचा फॉर्म ६ भरू नका. आधारचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो, पुरावा लागतो. तो आधी करा, कारण बँका आणि बाकी सगळे आधारच मागतात. मुलाच्या बोर्डाच्या फॉर्मवर जुना पत्ता असेल तर घाबरू नका, शाळेत फक्त कळवा.

पाइपचा गॅस असेल तर व्हीजीएलकडे (गॅस कंपनीकडे) जुने कनेक्शन बंद करण्याचा अर्ज द्या, शेवटचे रीडिंग घ्या, अनामत परत मागा. आणि एक महत्त्वाचे. नव्या बिल्डिंगमध्ये पाइप सुरू व्हायला वेळ असेल आणि मध्यंतरी सिलिंडर वापरणार असाल तर हीच शेगडी तशीच जोडू नका. पाइपच्या गॅसचा दाब कमी असतो म्हणून शेगडीच्या जेटची भोके मोठी केलेली असतात. सिलिंडरवर लावली तर ज्योत भसाभस येते. जेट बदलून घ्या.

---

मांजलपूर मावशी | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

सहा खोक्यांना माझं +१. मी हेच लिहिणार होते, माझ्या सासूबाई असत्या तर मी चारच दिली असती :)

---

दांडियाबाजारची सून | २३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

अपडेट. सहा खोकी दिली. सासूबाईंनी आधी प्रत्येक खोकं उलटं करून बुडाची पट्टी बघितली आणि म्हणाल्या "बारीक आहेत." मी हाथीखान्यात परत गेले आणि मोठी आणली, हरले मी तिथे. पण मांजर थांबलं! दहा दिवसांत एकही वस्तू ढिगातून परत गेली नाही. दार लोटून काहीतरी भरत असतात, दोरीने स्वतः बांधतात, सेलोटेपवर विश्वास नाही.

पोटमाळ्याचा डावा कोपरा सर झाला. तिथे काय होतं सांगू? नवऱ्याची पहिली ते दहावीची सगळी दप्तरं. लाकडी पाळणा. ६० च्या वर दिवाळी अंक, वाळवीने अर्धे खाल्लेले. पतंगांच्या नऊ फिरक्या. पत्र्याच्या एका ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या, त्यातल्या काही छापील आणि चार हातच्या लिहिलेल्या, मोडीत नाही, देवनागरीतच पण मला नीट वाचता येत नाही. आजेसासरे कीर्तन करायचे म्हणे. ह्याचं काय करू? पस्तीत (रद्दीत) द्यायला हात होत नाही आणि फ्लॅटमध्ये ठेवून वाळवीला घालायचं पण मनाला पटत नाही.

---

निझामपुरा आजोबा | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

पस्तीत मुळीच देऊ नका! आपल्या बडोद्यातच प्राच्यविद्या मंदिर आहे, युनिव्हर्सिटीचे, १९२७ मध्ये स्थापन झालेले. रामायणाची चिकित्सक आवृत्ती त्यांनीच सिद्ध केली, हस्तलिखितांचा फार मोठा संग्रह आहे. तिथे जाऊन त्या चार हस्तलिखित पोथ्या दाखवा. छापील पोथ्यांचे त्यांना अप्रूप नसेल, त्या घरी ठेवा किंवा एखाद्या मंदिरात विचारा. नेताना पानांचा क्रम हलवू नका, लाल फडके आहे तसेच राहू द्या, आणि बुरशीचा वास येत असेल तर उन्हात तापवू नका, सावलीत वारा लागू द्या.

---

सेवउसळ_एक्स्ट्रा_तरी | २४ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

अवांतर: नऊ फिरक्या!!! ताई त्या तरी ठेवा.

---

दांडियाबाजारची सून | २६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

जाऊन आले. पोथ्या त्यांनी बघायला ठेवून घेतल्या, रीतसर पावती दिली. सासूबाई सोबत आल्या होत्या, येताना रिक्षात म्हणाल्या मामंजींना बरं वाटलं असतं. हे वाक्य मी २३ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

आता पॅकर्सचं सांगा. तिघांना विचारलं. एकाने फोनवरच १४ हजार सांगितले, दुसरा घरी येऊन बघून १९, तिसरा २२ आणि म्हणे सगळं आम्ही बघू बेन, तमे चिंता ना करो. कोणाला घेऊ?

---

माजी पोळवासी | २६ नोव्हेंबर, रात्री ११:१५

फोनवर आकडा सांगणाऱ्याला घेऊ नका. मी घेतला होता, नाव घेत नाही. सकाळी आयशर ट्रक घेऊन आले, आमच्या पोळात (अरुंद गल्लीत) तो शिरेना, मग म्हणे हातगाडीवर मेन रोडपर्यंत आणावं लागेल त्याचे वेगळे, मग तिकडे दुसरा मजला त्याचे वेगळे, कपाट खोलायचे वेगळे, आणि अर्धं सामान गाडीत चढलेलं असताना माणूस भांडणार कसा? वर आजीचा आरसा फुटला तर म्हणाला काचेची जबाबदारी आमची नाही, पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय.

म्हणून घरी येऊन पोटमाळ्यापासून सगळं बघणाऱ्याकडूनच भाव घ्या आणि लिहून घ्या: गाडी कुठपर्यंत येईल, मजूर किती, वरचा मजला धरून की वेगळं, जीएसटी धरून की वेगळा, फुटलं तर काय. व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं असलं तरी चालेल, पण लिहिलेलं पाहिजे. १९ वाला घरी आला ना, त्याच्याशी बोला. तुमचा रस्ता आमच्या पोळापेक्षा बरा आहे, तरी छोटा हाथी (लहान टेम्पो) पाठवा म्हणावं, दोन फेऱ्या होतील पण दाराशी लागेल.

दागिने, रोकड, कागद स्वतःकडे. गाडी निघाली की घरातला एक माणूस आधीच नव्या घरी पोचलेला हवा आणि एक जुन्या घरी शेवटपर्यंत, रिकाम्या खोल्यांत फिरून खुंट्यांवर, दारामागे, न्हाणीघराच्या कोनाड्यात बघायला. आमच्या आजोबांची छत्री खुंटीवरच राहिली.

---

खोकेवाला इंजिनिअर | २७ नोव्हेंबर, सकाळी ११:००

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून रिकामा करा, बर्फ वितळून पाणी निघालं पाहिजे. उभाच न्या. आडवा न्यावा लागलाच तर पोचल्यावर लगेच चालू करू नका, कॉम्प्रेसरचं तेल जागेवर यायला काही तास उभा ठेवा. वॉशिंग मशीन फ्रंट लोड असेल तर घेताना मागे जे बोल्ट काढले होते ते शोधून परत लावा, नाहीतर आतला ड्रम हेलकावे खाऊन तुटतो (कोणाकडेच ते बोल्ट नसतात हे मला माहितेय). एसी काढायला टेक्निशियनच हवा, गॅस आत ओढून घेऊन मग पाइप सोडवतात.

झोपाळ्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जुन्या घरात तो सागाच्या तुळईला असेल. फ्लॅटमध्ये स्लॅबला हुक ठोकू नका. झोपाळ्याचं ओझं नुसतं बसल्याचं नसतं, झोका घेतला की ते वाढतं आणि सारखं बदलतं. लावायचाच तर बीममध्ये, तोही बिल्डरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. काही नव्या इमारतींत स्लॅबच्या आत ताणलेल्या केबल असतात, तिथे ड्रिल करायचा विचारसुद्धा नको. शिवाय जागा किती? पुढे-मागे साडेतीन फूट तरी मोकळं पाहिजे.

---

दांडियाबाजारची सून | २७ नोव्हेंबर, रात्री १०:२०

हॉल १० बाय १४ आहे, त्यात सोफा आणि टीव्ही. झोपाळा तिथे बसत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहितेय. सासूबाईंना सांगायची हिंमत होत नाहीये. सासरे त्याच्यावरच बसून पेपर वाचायचे.

---

मांजलपूर मावशी | २७ नोव्हेंबर, रात्री १०:४१

मग सोफा नको नेऊस. एवढं काय अवघड आहे त्यात.

---

खोकेवाला इंजिनिअर | २७ नोव्हेंबर, रात्री ११:०३

मावशींचं बरोबर आहे. सोफा काढला तर लोखंडी स्टँड बसेल. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फॅब्रिकेशनवाले मापाने करून देतात. पायांना रबर लावून घ्या, खालच्या मजल्यावाल्यांसाठी. स्टँडची उंची तुळईपेक्षा कमी असणार, तेव्हा कड्या कमी कराव्या लागतील.

---

दांडियाबाजारची सून | १२ डिसेंबर, रात्री १२:३०

काल कलश ठेवून आलो. दूध उतू घातलं, रात्री चौघं हॉलमध्ये गादीवर झोपलो, सकाळी टँकरच्या आवाजाने उठलो. भायली २०२० मध्ये महानगरपालिकेत आलं म्हणतात पण आमच्या सोसायटीत पाणी अजून बोअरचं आणि टँकरचं, भांड्यावर पांढरे डाग पडतात, आरओ घ्यावा लागेल. चहा चांगला झाला नाही. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या "होईल सवय." बस, मी त्यावर काही बोलले नाही.

सामान २० तारखेला. १९ वाल्याने कमुरतांमुळे १६ हजारांत केलं, मावशी तुम्हाला साष्टांग.

सोफा विकला. झोपाळ्याचं मी सांगायच्या आत त्यांनीच सांगितलं की त्यांना कळलंय, मुलाने माझा धागा त्यांना वाचून दाखवला होता. सगळा. मांजरासकट. आता काय लपवायचं राहिलं.

आणि एक अट आलीय. १४ आणि १५ जानेवारीला गच्ची आमचीच. ताबा ३१ ला द्यायचा आहे ने, मग.

---

सेवउसळ_एक्स्ट्रा_तरी | १२ डिसेंबर, सकाळी ९:१४

आजी रॉक्स. फिरक्या कुठल्या खोक्यात आहेत ते बघून ठेवा म्हणजे झालं.

---

दांडियाबाजारची सून | १८ जानेवारी, दुपारी ४:१०

खूप दिवस लिहायला जमलं नाही. शिफ्टिंग झालं, चार कप आणि एक ट्यूबलाइट फुटली, बाकी सगळं आलं. एकूण खोकी ७१. आता उघडायची राहिलीत ११, त्यात कुठेतरी माझा चष्मा आहे. फोटो काढला नव्हता त्या खोक्याचा, अर्थातच.

देव मांडीवर घेऊन सासूबाई रिक्षातून आल्या, आमच्या गाडीत बसायला तयार नव्हत्या कारण मागच्या सीटवर बरण्या होत्या.

त्यांच्या सहा खोक्यांत काय निघालं ते सांगते, विचारायचं नाही ठरलं होतं तरी उघडताना मी तिथेच होते. दोन खोकी भांडी, बंब धरून. एकात सासऱ्यांचे कपडे. एकात लाल फडक्यातल्या छापील पोथ्या आणि फोटो. एकात फिरक्या. आणि सहावं उचलेना, दोघांना धरावं लागलं. त्यात खिळे, मोळे, स्क्रू, तारांची वेटोळी, किल्ल्या नसलेली सात कुलपं आणि कुलपं नसलेल्या किल्ल्यांचा जुडगा. हेच मी नोव्हेंबरमध्ये तीनदा भंगारात काढलं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात नवरा पडद्याचा रॉड घेऊन आला, स्क्रू सापडत नाहीयेत म्हणून. सासूबाईंनी मला बघितलं आणि डबा पुढे केला. त्या संध्याकाळी चार पडदे, घड्याळ, देवघराचा कोनाडा आणि टॉवेलची दांडी लागली, सगळं त्यातूनच.

उत्तरायण जुन्या गच्चीवर झालं. खाली सगळं घर रिकामं, पाण्याचा माठ आणि सतरंज्या तेवढ्या नेल्या होत्या. उंधियुं-जिलबी बाहेरून, नणंदा आल्या, चुलत दीर आले, ज्यांच्याशी सह्यांच्या वेळी बोलणं बंद झालं होतं ते पण आले. मांजा जुना होता, हातात तुटत होता, मुलगा नवा घेऊन आला तर त्याच जुन्या फिरकीवर गुंडाळायला लावला. सासूबाई टाकीच्या सावलीत बसून सगळ्यांना तीळगूळ देत होत्या. संध्याकाळी उतरताना त्यांनी जिन्यातला दिवा बंद केला आणि परत वर जाऊन गच्चीच्या दाराची कडी बघून आल्या.

---

पुण्यातला बडोदेकर | १८ जानेवारी, संध्याकाळी ६:३७

वाचलं. आईला पण वाचून दाखवलं. बाल्कनीतली ताडपत्री रविवारी काढतो.

---

मांजलपूर मावशी | १८ जानेवारी, संध्याकाळी ७:०५

झोपाळ्याचं काय झालं ते सांग आधी.

---

दांडियाबाजारची सून | १८ जानेवारी, रात्री ९:४८

लागला! खिडकीपाशी, लोखंडी स्टँडवर. प्रत्येक बाजूची एक एक कडी काढावी लागली, त्या काढलेल्या कड्या सहाव्या खोक्यात गेल्या. झोका आता छोटा येतो. कुरकुर खूप करतोय, खोबरेल घालून बघितलं, दोन दिवस थांबतं आणि परत सुरू.

---

खोकेवाला इंजिनिअर | १८ जानेवारी, रात्री १०:१५

खोबरेल नको, थंडीत गोठतं. कडी स्टँडच्या हुकात जिथे घासते तिथे ग्रीस लावा, पितळ-लोखंड एकमेकांवर घासतंय, मध्ये नायलॉनचा वॉशर घालता आला तर उत्तम.

---

माजी पोळवासी | १९ जानेवारी, सकाळी ८:२०

ताई त्या १६ हजारवाल्याचा नंबर द्याल का? मेव्हण्यांना फेब्रुवारीत वाडीतून हरणीला जायचंय.

---

दांडियाबाजारची सून | १९ जानेवारी, सकाळी ८:५५

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आणि चष्मा सापडला, गव्हाच्या कोठीत.